घन अवस्था संचयक

संगणकातील माहिती विद्युत् पुरवठा बंद असतानाही टिकवून धरणारे, अर्धसंवाहक स्मृतीवर आधारलेले व एकही हलता भाग नसलेले साधन. व्यवहारात ते एसएसडी या आद्याक्षरी नावाने ओळखले जाते. चुंबकीय तबकडीवर आधारलेल्या जुन्या संचयकात, म्हणजे हार्ड डिस्कमध्ये, फिरती तबकडी व तिच्यावरून सरकणारे वाचनशीर्ष असते. घन अवस्था संचयकात त्यांची जागा स्मृतिचिपा व त्यांवर देखरेख करणारा एक छोटा संगणक घेतो. या छोट्या संगणकाला नियंत्रक म्हणतात. ग्राहक सामान्यतः धारणक्षमता, वेग व किंमत या तीन गोष्टी पाहून संचयक विकत घेतो. परंतु त्यात ठेवलेली माहिती पाच वर्षांनी जशीच्या तशी परत मिळेल की नाही, हे मुख्यत्वे नियंत्रक व त्यातील आज्ञावली यांवर अवलंबून असते. म्हणून संचयकाची निवड हा बऱ्याच अंशी नियंत्रकाच्या निवडीचा प्रश्न ठरतो.

इतिहास : विद्युत् भार निरोधकाने वेढलेल्या धातूच्या वा सिलिकॉनाच्या थरात कोंडून त्याच्या साहाय्याने माहिती साठविता येईल, ही कल्पना १९६७ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डॉन कांग व सायमन झी यांनी मांडली. तोशिबा या जपानी कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी या कल्पनेवरून एकाच वेळी मोठा भाग पुसता येईल अशी स्मृती तयार केली व १९८४ मध्ये तिची माहिती प्रसिद्ध केली. पुसण्याची क्रिया छायाचित्रकाराच्या प्रकाशझोताप्रमाणे क्षणात होते म्हणून तिला फ्लॅश हे नाव पडले. १९८७ मध्ये याच गटाने नँड या रचनेची फ्लॅश स्मृती मांडली. आजचे जवळजवळ सर्व संचयक याच रचनेचे आहेत. इंटेल या अमेरिकी कंपनीने १९८८ मध्ये नॉर रचनेची फ्लॅश स्मृती बाजारात आणली. पुणे येथे जन्मलेले विनोद धाम यांचा इंटेलच्या या पहिल्या फ्लॅश तंत्रविद्येच्या सहसंशोधकांत समावेश होतो.

इलाय हरारी, संजय मेहरोत्रा व जॅक युआन यांनी १९८८ मध्ये स्थापन केलेल्या सनडिस्क कंपनीने (पुढे सॅनडिस्क) १९९१ मध्ये २० मेगाबाइट क्षमतेचा संचयक आयबीएम कंपनीसाठी तयार केला. त्याची किंमत सुमारे एक हजार डॉलर होती. यानंतरची पंधरा-सोळा वर्षे हे साधन लष्करी व औद्योगिक उपयोगांपुरते मर्यादित राहिले. २००८ च्या सुमारास ते सर्वसामान्य संगणकांत येऊ लागले. २०११ मध्ये नियंत्रक व संगणक यांच्यातील संभाषणाकरिता एनव्हीएमई ही नवी पद्धती प्रसिद्ध झाली व चुंबकीय तबकडीसाठी आखलेल्या जुन्या साटा पद्धतीच्या वेगमर्यादेतून संचयक मुक्त झाला. २०१३ मध्ये सॅमसंग कंपनीने स्मृतिकोश एकावर एक रचलेली २४ थरांची नँड चिप उत्पादनात आणली. नंतरच्या काळात ही संख्या दोनशे थरांच्या पुढे गेली आहे.

स्मृतिकोशाचे स्वरूप व मर्यादा : नँड स्मृतीचा प्रत्येक कोश हा एक ट्रँझिस्टर असतो. त्याच्या द्वाराखाली निरोधक थरांनी वेढलेली अशी जागा असते, की तेथे इलेक्ट्रॉन अडकून राहू शकतात. तेथे किती इलेक्ट्रॉन साठले आहेत, यावर ट्रँझिस्टर संवाहक होण्यासाठी लागणारा विद्युत् दाब ठरतो व तो मोजून कोशातील माहिती वाचली जाते. एका कोशात एकच बिट ठेवावयाचा असल्यास भाराच्या दोन पातळ्या पुरतात. दोन बिटांना ४, तीन बिटांना ८ व चार बिटांना १६ पातळ्या लागतात. या प्रकारांना अनुक्रमे एसएलसी, एमएलसी, टीएलसी व क्यूएलसी म्हणतात. पातळ्या वाढविल्या म्हणजे तेवढ्याच सिलिकॉनात अधिक माहिती मावते व संचयक स्वस्त होतो. परंतु दोन पातळ्यांतील अंतर कमी झाल्यामुळे थोडासा भार गळाला तरी वाचनात चूक होते.

नँड स्मृतीच्या तीन मर्यादा महत्त्वाच्या आहेत. पहिली अशी की, लेखन पृष्ठ या लहान एककात होते, तर पुसणे खंड या मोठ्या एककातच होते. पृष्ठ सामान्यतः ४ ते १६ किलोबाइटांचे असते व एका खंडात अशी शेकडो पृष्ठे असतात. लिहिलेल्या पृष्ठावर पुन्हा लिहिता येत नाही. त्यासाठी सबंध खंड आधी पुसावा लागतो. दुसरी मर्यादा झिजेची. प्रत्येक वेळी लिहिता-पुसताना निरोधक थरावर ताण पडून तो हळूहळू निकामी होतो. एसएलसी कोश सुमारे एक लाख लेखन-पुसणी आवर्तने सोसतो. टीएलसी कोशाच्या बाबतीत ही संख्या साधारणपणे एक ते तीन हजार, तर क्यूएलसीच्या बाबतीत काही शे ते एक हजार असते. तिसरी मर्यादा गळतीची. कोशातील भार काळानुसार कमी होत जातो आणि तापमान जितके अधिक व कोश जितका झिजलेला, तितकी गळती जलद होते. याशिवाय एका पृष्ठाचे वारंवार वाचन केल्यास शेजारच्या पृष्ठांतील भारही थोडाथोडा बदलतो.

थोडक्यात, नँड चिप स्वतः एक सदोष व झिजणारे माध्यम आहे. कारखान्यातून बाहेर पडतानाही तिच्यात काही खंड निकामी असतात व ते गृहीतच धरलेले असतात. अशा माध्यमातून भरवशाचे साधन घडविण्याचे काम नियंत्रकाचे आहे.

नियंत्रकाची कार्ये : नियंत्रक म्हणजे एक वा अनेक प्रक्रियक, स्मृतिचिपांशी जोडणारे ४ ते १६ मार्ग, दोष-दुरुस्तीची मंडले व संगणकाशी जोडणारा दुवा या सर्वांना सामावून घेणारी एक चिप होय. ती चालविणाऱ्या स्थायी आज्ञावलीला फर्मवेअर म्हणतात.

(१) पत्ता-सारणी : संगणक ज्या क्रमांकाच्या जागी माहिती लिहिण्यास सांगतो, त्या जागी ती प्रत्यक्षात लिहिली जात नाही. नियंत्रक मोकळे पृष्ठ शोधून तेथे ती लिहितो व कोणता क्रमांक कोठे आहे याची नोंद एका सारणीत करतो. ही सारणी म्हणजे संचयकाचा सातबारा उतारा होय. जमीन जागेवर असली, तरी उतारा हरवल्यास कोणता तुकडा कोणाचा हे कळत नाही, तशीच येथील स्थिती असते. दर ४ किलोबाइटांमागे ४ बाइटांची नोंद धरल्यास १ टेराबाइट संचयकाच्या सारणीस सुमारे १ गिगाबाइट जागा लागते. यासाठी चांगल्या संचयकात डीरॅम प्रकारची स्वतंत्र चिप बसविलेली असते. स्वस्त संचयकात ती नसते. त्यांतील काही एनव्हीएमई संचयक संगणकाच्या मुख्य स्मृतीतील थोडी जागा उसनी घेतात, तर डीरॅम नसलेल्या साटा संचयकांना सारणीचा बराच भाग नँड स्मृतीतूनच वारंवार वाचावा लागतो.

(२) झीज-समकरण : एकाच खंडावर वारंवार लेखन झाल्यास तो लवकर निकामी होईल. म्हणून नियंत्रक सर्व खंडांवर लेखन सारखे वाटतो आणि दीर्घकाळ न बदललेली माहितीही अधूनमधून हलवितो.

(३) अवशेष-संकलन : जुनी झालेली पृष्ठे खंडोखंडी विखुरलेली असतात. ती मोकळी करण्यासाठी नियंत्रक त्या खंडातील उपयुक्त पृष्ठे दुसरीकडे उतरवून मग खंड पुसतो. समजा, २५६ पृष्ठांच्या खंडात १९२ पृष्ठे उपयुक्त व ६४ निरुपयोगी आहेत. संगणकाची ६४ पृष्ठे लिहिण्यास जागा करावयाची, तर १९२ पृष्ठे आधी हलवावी लागतात. म्हणजे ६४ पृष्ठांसाठी प्रत्यक्षात २५६ पृष्ठांचे लेखन होते. या चौपटीला लेखन-वर्धन म्हणतात. संचयक काठोकाठ भरलेला असेल, तर हे वर्धन वाढते. म्हणून काही जागा मोकळी ठेवणे हितावह असते. फाइल पुसल्याची सूचना संगणकाने ट्रिम या आज्ञेने दिल्यास नियंत्रकाचे काम हलके होते. मात्र चुकून पुसलेली फाइल त्यामुळे परत मिळविणे बहुधा अशक्य होते.

(४) दोष-दुरुस्ती : प्रत्येक पृष्ठासोबत काही अधिक बिट लिहिले जातात व त्यांवरून वाचनातील चुका शोधून सुधारता येतात. पूर्वी यासाठी बीसीएच संकेत वापरीत. तीन व चार बिटांच्या कोशांत चुका अधिक असल्यामुळे आता अधिक समर्थ असे एलडीपीसी संकेत वापरले जातात. पहिल्या वाचनात दुरुस्ती जमली नाही, तर नियंत्रक विद्युत् दाब थोडा बदलून पुन्हा वाचतो. चांगले नियंत्रक अशक्त झालेली माहिती वेळीच ओळखून ती नव्या जागी लिहून ठेवतात.

(५) पुरवठा खंडित झाल्यास संरक्षण : लेखन वा सारणीतील बदल अर्धवट असताना वीज गेल्यास केवळ नवीच नव्हे, तर जुनी माहितीही धोक्यात येते. मोठ्या संगणकगृहांसाठी बनविलेल्या संचयकांत विद्युत् धारित्रांची रांग असते. वीज गेल्यावर त्यांतील भारावर नियंत्रक काही सहस्रांश सेकंद चालतो व हाती असलेले काम पुरे करतो. घरगुती संचयकांत सामान्यतः अशी धारित्रे नसतात व संरक्षण केवळ फर्मवेअरच्या शिस्तीवर अवलंबून असते.

(६) कूटलेखन : अनेक नियंत्रक सर्व माहिती कूटबद्ध करूनच लिहितात व किल्ली स्वतःजवळ ठेवतात. परिणामी नियंत्रक जळाल्यास स्मृतिचिपा काढून वाचल्या, तरी त्यांतून अर्थ निघत नाही.

नियंत्रकाचे दोष व त्यांपासून मिळालेले धडे : चुंबकीय तबकडी बिघडण्यापूर्वी बहुधा आवाज करते, मंदावते, काही भाग वाचता येईनासे होतात. घन अवस्था संचयक मात्र पुष्कळदा कसलीही पूर्वसूचना न देता एकाएकी गप्प होतो. यामागे स्मृतिकोशांची झीज हे कारण क्वचितच असते. सारणीचा नाश, नियंत्रकाचा विद्युतीय बिघाड किंवा फर्मवेअरमधील चूक ही कारणे अधिक आढळतात. पुढील उदाहरणांवरून हे स्पष्ट होईल.

२००८ च्या सुमारास जेमायक्रॉन कंपनीचा जेएमएफ६०२ हा स्वस्त नियंत्रक अनेक संचयकांत वापरला गेला. त्याला स्वतंत्र डीरॅमचा आधार नव्हता व लहान लहान लेखने एकामागून एक आली की, संगणक क्षणभर थबकत असे. त्याच वर्षी आलेल्या इंटेलच्या एक्स२५-एम संचयकात हा दोष नव्हता. स्मृतिचिपा सारख्याच जातीच्या असूनही नियंत्रकामुळे किती अंतर पडते, हे यावरून प्रथमच सामान्य ग्राहकाच्या ध्यानात आले.

२०११ मध्ये इंटेलच्याच ३२० मालिकेतील काही संचयक वीज अचानक गेल्यानंतर आपली क्षमता केवळ ८ मेगाबाइट असल्याचे सांगू लागले. स्मृतिचिपा शाबूत होत्या. नियंत्रकाला त्यांतील माहितीचा पत्ता लागत नव्हता. त्याच वर्षी सँडफोर्स कंपनीच्या एसएफ-२२८१ नियंत्रकावरील संचयकांमुळे संगणक अकस्मात बंद पडण्याच्या तक्रारी आल्या व नव्या फर्मवेअरने त्या दूर झाल्या. क्रूशियल कंपनीच्या एम४ संचयकात ५,१८४ तास, म्हणजे २१६ दिवस, चालल्यानंतर प्रतिसाद थांबण्याचा दोष आढळला. २०१२ च्या आरंभी त्यावरील दुरुस्ती प्रसिद्ध झाली. २०१९ मध्ये हेवलेट पॅकर्ड एंटरप्राइझ कंपनीने आपले काही संचयक ३२,७६८ तासांनंतर, म्हणजे ३ वर्षे २७० दिवस ८ तास चालल्यावर, कायमचे निकामी होतील असा इशारा देऊन नवे फर्मवेअर तातडीने घालण्यास सांगितले. ३२,७६८ ही संख्या म्हणजे २ चा १५ वा घात होय. सोळा बिटांच्या धन-ऋण मोजणीत बसणारी सर्वांत मोठी संख्या ३२,७६७ असते. मोजणी त्यापुढे गेली की ती फसते. अशा दोषाचे विशेष गांभीर्य असे की, एकाच दिवशी बसविलेले सर्व संचयक एकाच तासाला बंद पडतात. एकाची दुसऱ्यावर ठेवलेली प्रतही मग उपयोगी पडत नाही.

उलट बाजूचे उदाहरणही बोधप्रद आहे. २०१४ मध्ये सॅमसंगच्या ८४० इव्हो संचयकांत महिनोन्‌महिने पडून राहिलेल्या फाइली फार हळू वाचल्या जातात असे दिसून आले. कोशांतील भार किंचित सरकल्यामुळे नियंत्रकाला पुन्हा पुन्हा वाचावे लागत होते. २०१४ व २०१५ मध्ये दिलेल्या नव्या फर्मवेअरने जुनी माहिती वेळोवेळी नव्याने लिहिण्याची तजवीज करण्यात आली. येथे दोष माध्यमाचा होता व तो नियंत्रकाने सावरला.

शास्त्रीय अभ्यासांचे निष्कर्षही याच दिशेचे आहेत. २०१३ मध्ये अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठ व एचपी प्रयोगशाळा यांच्या संशोधकांनी १५ संचयकांचा वीजपुरवठा मुद्दाम वारंवार तोडून पाहिला. त्यांपैकी १३ संचयकांत माहिती बिघडणे, अर्धवट लिहिली जाणे, तर काहींत सबंध साधन निकामी होणे असे दोष आढळले. २०१६ मध्ये टोराँटो विद्यापीठ व गुगल यांच्या संशोधकांनी सहा वर्षांच्या प्रत्यक्ष वापराचा अभ्यास प्रसिद्ध केला. पहिल्या चार वर्षांत २० ते ६३ टक्के संचयकांत दुरुस्त न होणारी किमान एक चूक झाली होती. महागडे एसएलसी संचयक एमएलसीपेक्षा अधिक विश्वसनीय आढळले नाहीत. संचयक बदलावे लागण्याचे प्रमाण मात्र चुंबकीय तबकड्यांपेक्षा कमी होते. सारांश, हे साधन एकंदरीने कमी वेळा मरते. परंतु त्यातील माहिती दुसरीकडे नसल्यास ती गमावण्याचा धोका कमी होत नाही.

निवडीचे निकष : बाजारातील संचयकांचे दोन वर्ग पाडता येतात. सॅमसंग, एसके हायनिक्स, मायक्रॉन, किऑक्सिया, सॅनडिस्क यांसारख्या कंपन्या स्मृतिचिपा स्वतः बनवितात व पुष्कळ संचयकांत नियंत्रकही स्वतःचाच वापरतात. दुसऱ्या वर्गातील विक्रेते चिपा एकीकडून व नियंत्रक तैवानमधील फायसन, सिलिकॉन मोशन, रिअलटेक, चीनमधील मॅक्सिओ इत्यादी कंपन्यांकडून घेऊन संचयक जुळवितात. मार्व्हेल ही अमेरिकी कंपनी मुख्यत्वे मोठ्या संगणकगृहांच्या संचयकांसाठी नियंत्रक बनविते. तिचे एक अभिकल्प केंद्र पुण्यात आहे. पहिल्या वर्गात चिप व फर्मवेअर यांचा मेळ एकाच छपराखाली घातला जातो हा लाभ असला, तरी वर दिलेल्या उदाहरणांवरून दिसते की, मोठे नाव म्हणजे निर्दोषतेची हमी नव्हे. दुसऱ्या वर्गातही अनुभवसिद्ध नियंत्रकावरील उत्तम संचयक मिळतात.

निवड करताना पुढील गोष्टी पाहाव्यात : (१) नियंत्रकाचे नाव व क्रमांक उत्पादकाने प्रसिद्ध केला आहे काय. नियंत्रक दोन-तीन वर्षे वापरात असेल, तर त्याच्या आरंभीच्या चुका बहुधा सुधारलेल्या असतात. अगदी नव्या नियंत्रकाची घाई महत्त्वाच्या कामासाठी करू नये. (२) डीरॅम आहे किंवा नाही. लेखाकर्म, माहितीकोश, चित्रफितींचे संपादन यांसारख्या सतत लेखनाच्या कामी ती असणे चांगले. (३) कोश तीन बिटांचा आहे की चार बिटांचा. चार बिटांचा संचयक मुख्यतः वाचनासाठी योग्य. (४) फर्मवेअर सुधारण्याची सोय व उत्पादकाने पूर्वी सुधारणा वेळेवर दिल्याचा अनुभव. (५) हमीची वर्षे व लेखनाची हमी दिलेली मर्यादा. (६) संगणकगृहातील कामासाठी वीज खंडित होण्यापासून धारित्रांचे संरक्षण.

लेखनाच्या मर्यादेबद्दल ग्राहकांना बहुधा अकारण भीती वाटते. १ टेराबाइट संचयकास ६०० टेराबाइट लेखनाची हमी असल्यास, रोज ३० गिगाबाइट लिहिणाऱ्या कचेरीला ती मर्यादा गाठण्यास २०,००० दिवस, म्हणजे सुमारे ५५ वर्षे लागतील. तत्पूर्वीच नियंत्रक वा इतर भाग बिघडण्याची शक्यता कितीतरी अधिक. म्हणून एका संचयकाची लेखनमर्यादा दुसऱ्याहून दुप्पट आहे, एवढ्यावरून तो दुप्पट विश्वसनीय ठरत नाही.

आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. नाव व वेष्टन तेच ठेवून आतील भाग बदलण्याची प्रथा या व्यवसायात आढळते. किंग्स्टनच्या व्ही३०० संचयकात नंतर मंद जातीच्या स्मृतिचिपा आल्या. एडेटाच्या एसएक्स८२०० प्रो या संचयकात नियंत्रक बदलला गेला, तर २०२१ मध्ये क्रूशियलच्या पी२ संचयकात तीन बिटांच्या जागी चार बिटांचे कोश आल्याचे उघड झाले. त्यामुळे जुन्या परीक्षणावर विसंबून घेतलेला संचयक त्या परीक्षणातील असेलच असे नाही. खरेदीनंतर फर्मवेअरचा क्रमांक पाहून खात्री करून घ्यावी. बनावट संचयकांत तर नियंत्रकालाच खोटे बोलण्यास शिकविलेले असते. तो २ टेराबाइट क्षमता सांगतो. प्रत्यक्षात चिपा ६४ गिगाबाइटांच्या असतात व पुढील लेखन आधीच्या माहितीवर चढत जाते. म्हणून अपरिचित नावाचा व अतिस्वस्त संचयक पूर्ण भरून व परत वाचून पाहिल्याखेरीज वापरात आणू नये.

स्थानिक परिस्थिती व नाशिकचा दाखला : जेडेक या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या निकषानुसार घरगुती संचयकाचे लेखन-आयुष्य पुरते संपल्यावरही तो ३०° से. तापमानात वीजपुरवठ्याविना एक वर्ष माहिती टिकवून धरेल, अशी अपेक्षा असते. संगणकगृहाच्या संचयकाकडून ४०° से. तापमानात केवळ तीन महिन्यांची अपेक्षा धरली आहे. साठवणीचे तापमान दर ५° से. ने वाढले, तर हा धारणकाल ढोबळमानाने निम्मा होतो. नव्या संचयकाचा धारणकाल याहून पुष्कळच अधिक असतो. तथापि नाशिकमध्ये एप्रिल-मे महिन्यांत पारा ४०° से. च्या घरात जातो, हे ध्यानात घेता पत्र्याच्या छपराखालील कपाटात वर्षानुवर्षे पडून राहणारा जुना संचयक हे दप्तर जतन करण्याचे साधन नव्हे. पावसाळ्यात वादळाने खंडित होणारी वीज ही दुसरी अडचण. द्राक्षनिर्यातीची मालतपासणी, कांद्याच्या आडतीचे हिशेब, सनदी लेखापालांची दप्तरे, रुग्णालयांतील क्ष-किरण प्रतिमा यांसारख्या नोंदी ठेवणाऱ्यांनी संचयकाच्या किंमतीत बचत करण्यापूर्वी अखंड वीजपुरवठ्याच्या साधनाची, म्हणजे यूपीएसची, तजवीज करणे अधिक शहाणपणाचे ठरते.

याच नगरात याच भौतिकीचे एक निराळे उदाहरण आढळते. नाशिक रोड येथील, इंडिया सिक्युरिटी प्रेस या नावाने परिचित असलेल्या, भारत प्रतिभूती मुद्रणालयात देशातील पारपत्रे छापली जातात. २००८ मध्ये तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांना भारताचे पहिले इलेक्ट्रॉनीय पारपत्र देण्यात आले व १ एप्रिल २०२४ पासून सर्वसामान्य नागरिकांसाठी अशी पारपत्रे प्रायोगिक स्वरूपात देण्यास आरंभ झाला. या पारपत्रात एक चिप व तिला जोडलेली आकाशक तार असते. चिपेतील स्मृतीत धारकाची माहिती व छायाचित्र अंकीय स्वाक्षरीसह असते आणि ती कोणाला वाचू द्यावयाची, हे तेथील छोटा प्रक्रियक ठरवितो. तिला स्वतःचा विद्युत् पुरवठा नसतो. वाचनयंत्राजवळ नेल्यावर त्याच्या रेडिओ तरंगांतून तिला ऊर्जा मिळते. तरीही पारपत्राच्या दहा वर्षांच्या मुदतीत माहिती टिकावी लागते.

मग संचयकाला जे सहज साधत नाही, ते पारपत्राला कसे साधते? कारण पारपत्रात माहिती थोडी असते व तिचे लेखन बहुधा एकदाच होते. त्यामुळे कोश झिजत नाहीत आणि एका कोशात अनेक पातळ्या दाटीने बसविण्याचीही गरज नसते. संचयकात याउलट स्वस्ताई व क्षमता यांसाठी कोशावर सोसवेल तेवढा भार टाकलेला असतो व तूट नियंत्रकाने भरून काढावयाची असते. नियंत्रकाला हे काम विजेवाचून करता येत नाही. म्हणून वापरात असलेला संचयक कपाटात पडून असलेल्या संचयकापेक्षा माहिती अधिक चांगली सांभाळतो.

निगा : संचयकाच्या प्रकृतीची नोंद नियंत्रक स्वतः ठेवीत असतो व ती स्मार्ट या नावाच्या सुविधेतून वाचता येते. वापरलेल्या आयुष्याचे शेकडा प्रमाण, उरलेले राखीव खंड, दुरुस्त न झालेल्या चुका व असुरक्षितपणे बंद पडण्याची संख्या हे चार आकडे महिन्यातून एकदा पाहावेत. दुरुस्त न झालेल्या चुका वाढू लागल्यास संचयक त्वरित बदलावा. फर्मवेअर सुधारण्यापूर्वी माहितीची प्रत काढून घ्यावी. दशांश एक ते दोन भाग जागा मोकळी ठेवावी. कपाटात ठेवलेला संचयक वर्षातून एक-दोन वेळा संगणकास जोडून त्यातील सर्व माहिती वाचून काढावी. दोन संचयक एकमेकांची प्रत म्हणून वापरावयाचे असल्यास ते निरनिराळ्या नियंत्रकांचे असावेत; तसे केल्याने एकाच फर्मवेअरच्या चुकीने दोन्ही जाण्याचा धोका टळतो. त्यांखेरीज तिसरी प्रत चुंबकीय तबकडीवर वा अन्य ठिकाणी असावी.

नियंत्रक चांगला निवडल्याने बिघाडाची शक्यता कमी होते, ती नाहीशी होत नाही. मुलांची छायाचित्रे, रुग्णांचे अहवाल व व्यापाराचे हिशेब आता कागदावर नसून या कोशांत अडकलेल्या इलेक्ट्रॉनांच्या स्वरूपात आहेत व नियंत्रक निकामी झाला, तर ते परत मिळविण्याचा मार्ग बहुधा उरत नाही. यास्तव संचयक कितीही चांगला असला, तरी जी माहिती एकाच ठिकाणी आहे, ती सुरक्षित नाही असेच समजून चालावे लागते.